रोजनाम्यातली तिसरी ओळ

राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला अजिबात अभिमान नाही. शाळेत तो कोणी शिकवला नाही. नागरिकशास्त्र आमचे मास्तर वर्ष संपत आलं की आठवड्याभरात उरकून टाकायचे. मला तो पाठ झाला नोकरीत, रोज कानावर पडून पडून. पोलिसांनी माणूस पकडला तर त्याला का पकडलं ते सांगायचं, त्याला त्याच्या पसंतीचा वकील गाठू द्यायचा, आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. यातलं 'प्रवासाचा वेळ वगळून' आमच्या जिल्ह्यात फार कामाला यायचं. पोलीस ठाण्यापासून कोर्ट पायी दहा मिनिटांवर असलं तरी कागदावर शीळफाट्याचं ट्रॅफिक लागलेलं असायचं.

मी कोर्टात कारकून होतो, बत्तीस वर्षं. ठाणे जिल्ह्यातल्या तीन-चार कोर्टांत बदल्या झाल्या. पुढे जे लिहिलंय ते कुठल्या कोर्टातलं, कुठल्या साहेबांपुढचं आणि कुठल्या पोलीस ठाण्याचं, ते सांगणार नाही. घाबरून नव्हे असं लिहिणार होतो, पण या वयात खोटं कशाला लिहा. या अंकाच्या संपादकबाईंनी डोंबिवलीला घरी फोन केला तेव्हा त्यांना कोर्टातल्या गमतीजमती हव्या होत्या. "काका, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं द्या," म्हणाल्या. हलकंफुलकं माझ्याकडे आहे, ते आधी देतो. नंतरचं त्यांनी छापलं तर छापलं.

सिनेमातलं कोर्ट बघून लोकांचे फार गैरसमज झालेले आहेत, म्हणून आधी कामाचं सांगतो. मॅजिस्ट्रेट उंचावर बसतात. त्यांच्या बरोबर खाली, त्यांच्याकडे पाठ करून, एक माणूस टेबलाशी कागदांत डोकं खुपसून बसलेला असतो. तो बेंच क्लार्क. म्हणजे मी. शिपायाला केस पुकारायला सांगायचं, कागद वर द्यायचे, तारखा टाकायच्या आणि रोजनामा लिहायचा. रोजनामा म्हणजे त्या दिवशी त्या केसमध्ये काय घडलं त्याची नोंद. कोण हजर होतं, कोण काय म्हणालं, साहेबांनी काय हुकूम केला. खाली साहेबांची सही. ती सही झाली की झालं. पुढे कोणी अगदी दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेलं तरी त्या सकाळी आमच्या खोलीत काय झालं हे त्या कागदावरून ठरतं, खोलीत हजर असलेल्या माणसांवरून नाही.

तुम्ही म्हणाल, यात राज्यघटना कुठे आली? तर इथेच आली. घटना करणाऱ्यांनी सत्ता एका जागी ठेवली नाही. कायदे करणारे एकीकडे, ते राबवणारे दुसरीकडे, आणि राबवणाऱ्यांचा हात जास्त चालला तर त्यांना जाब विचारणारे तिसरीकडे, अशी वाटणी केली. पोलीस हे राबवणारे, कोर्ट हे विचारणारे. पकडलेला माणूस एका दिवसात पोलिसांच्या खोलीतून निघून कोर्टाच्या नजरेखाली आला पाहिजे, हा त्या चोवीस तासांचा अर्थ. म्हणून पहिल्यांदा आणल्यावर मॅजिस्ट्रेट प्रत्येकाला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" म्हणजे मारलं का, छळलं का. तो आहे म्हणाला तर तक्रार लिहून घ्यायची, अंगावरच्या खुणा बघायच्या, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. माणूस किती का फाटका असेना, त्याच्या एका शब्दावर हे सगळं हलायला लागतं. निदान हलायला हवं.

प्रत्यक्षात उत्तर ठरलेलं असायचं. "नाही." का, ते कळायला वकिलीची सनद लागत नाही. प्रश्न विचारला जातो तेव्हा आरोपीच्या एका बाजूला त्याला आणणारा हवालदार असतो आणि दुसऱ्या बाजूला तपास अधिकारी. उत्तर देऊन झालं की त्याच दोघांबरोबर त्याच गाडीत बसून त्याच ठाण्यात परत जायचं असतं. तुम्ही-आम्ही असतो तर काय म्हणालो असतो?

नमुनेही भेटले. टिटवाळ्याचा एक खिसेकापू होता, वर्षातून दोन-तीनदा तरी यायचाच. प्रश्न माझ्या आधी त्यालाच पाठ. एकदा म्हणाला, "तक्रार नाही साहेब, पण वडापाव शिळा देतात. तेवढं लिहून घ्या." साहेब हसले, हवालदार हसला, सगळं कोर्ट हसलं. आणखी एक निवृत्त शिक्षक होते, डोंबिवली पूर्वेचे. पाण्याच्या टाकीवरून भांडण होऊन सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मनगटाला चावले होते. सत्तरीतला गृहस्थ, धोतर नेसलेला. साहेबांनी तक्रार आहे का विचारल्यावर त्यांनी एकविसाव्या अनुच्छेदावर, म्हणजे जगण्याच्या अधिकारावर, भाषणच सुरू केलं. पाण्याशिवाय जगणं म्हणजे कसलं जगणं, इथपर्यंत आले तेव्हा साहेब म्हणाले, "गुरुजी, सगळं मान्य. पण चावायचा अधिकार कुठल्या अनुच्छेदात आहे?" गुरुजी तिथल्या तिथे जामिनावर सुटले आणि जाताना मला म्हणाले, "रोजनाम्यात माझं भाषण पूर्ण घ्या." मी एक ओळ घेतली होती.

झालं हलकंफुलकं.

एक बाईसाहेब मॅजिस्ट्रेट म्हणून आल्या होत्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्याच दिवशी आरोपी पुढे आला आणि त्या हवालदाराला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." हवालदाराला वाटलं दुसऱ्याच कुणाला सांगतायत. "तुम्हालाच. तुमच्या तपास अधिकारी साहेबांनाही घेऊन जा. दार लावून घ्या." मग त्यांनी आरोपीला टेबलाच्या अगदी जवळ बोलावलं, पेन खाली ठेवलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि प्रश्न विचारला. आणि थांबल्या. उत्तर येईपर्यंत थांबल्या. त्यांच्या काळात माणसं 'आहे' म्हणायला लागली. रोज नाही, पण म्हणायला लागली. शर्ट वर करून पाठ दाखवायला लागली. मी रोजनामे हाताने लिहीत होतो, बोटं दुखायची, बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, संपायला संध्याकाळ व्हायची आणि मी मनातून त्यांना शिव्या घालायचो. हे मी खरं सांगतोय. दोन वर्षांत त्यांची नेहमीप्रमाणे बदली झाली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. घटनेतली अक्षरं तीच होती. फक्त बाई गेल्या.

मग कॉम्प्युटर आला. आमच्या ऑफिसात तो शिकायला सगळे कां-कूं करत होते, मी शिकलो. मला लवकर लक्षात आलं की रिमांडचा, म्हणजे आरोपीला पहिल्यांदा आणतात त्या वेळचा, रोजनामा दर वेळी तोच असतो. मी एक फॉर्म तयार केला. पहिली ओळ: अटकेची कारणे आरोपीस सांगितली. दुसरी ओळ: नातेवाइकांस कळविले. तिसरी ओळ: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. वर फक्त नाव, गुन्हा नंबर आणि तारीख टाकायची. पोलिसांचे कागद सकाळी साडेदहाला यायचे. कोर्ट बसायच्या आत माझे सगळे रोजनामे छापून, टाचून तयार. आरोपी गाडीतून उतरायच्या आधी त्याचं उत्तर माझ्या टेबलावर असायचं.

लोकांनी काय कौतुक केलं! साहेब म्हणाले, "तुम्ही माझा तास वाचवता रोज." बाजूच्या कोर्टांतले क्लार्क पेन ड्राइव्ह घेऊन यायचे. 'काकांचा फॉर्म' असंच नाव पडलं होतं त्याला. मला त्याचा फार अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काहीतरी दुसऱ्याने मागून नेलं होतं.

आता काशिनाथचं सांगतो. बाळकुम-कोलशेतच्या बाजूला खाडीकाठी जी जुनी गावं आहेत, त्यातल्या एका गावचा हा माणूस. पस्तिशीचा असेल तेव्हा. आजा-पणजा मिठागरावर राबलेले. वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर मोजणी करायला माणसं आली आणि हा आडवा उभा राहिला. "नोटीस दाखवा, कागद दाखवा, मग मोजा," एवढंच त्याचं म्हणणं होतं. गावातली बाकीची त्याच्या मागे उभी होती, बोलायला हा पुढे. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्यापुढे आला.

त्या दिवशी बोर्ड भरगच्च होता. सरकारी खर्चाने द्यायचे वकील बाजूच्या कोर्टात अडकलेले, त्यांचं नाव कागदावर होतं, ते नव्हते. काशिनाथ मान एका बाजूला कलती धरून उभा होता, कानात पाणी गेल्यावर आपण धरतो तशी. साहेब पुढच्या केसचे कागद वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?"

"हाय साहेब," काशिनाथ म्हणाला. ओरडून नाही. साध्या आवाजात.

त्याच क्षणी त्याच्या शेजारच्या हवालदाराने खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही साहेब."

साहेबांनी हात खाली केला. म्हणजे कागद द्या. मी कागद दिला. सही झाली.

साहेबांनी एकच शब्द ऐकला होता, जो मोठा होता तो. मी दोन्ही ऐकले होते. मी काशिनाथकडे बघितलं, तो माझ्याकडेच बघत होता. साहेब बघत नव्हते म्हणून तो माझ्याकडे बघत होता. माझ्या हातातला कागद वर गेला आणि सही होऊन खाली आला हे त्याने पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. त्याला वाटलं, लिहून घेतलं. दारात एक बाई टाचा उंचावून आत बघत होती, शिपाई तिला आत सोडत नव्हता. ती त्याची बायको, हे मला फार पुढे कळलं. "साहेब, आरोपी काहीतरी म्हणतोय." एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. बेंच क्लार्कने मध्ये बोलायची पद्धत नाही. पण नियमही नाही. मी पुढची केस पुकारायला सांगितली.

जेवायच्या सुट्टीत मला राहवेना. आमच्या शिरस्तेदार बाई, म्हणजे ऑफिसच्या मुख्य, डबा उघडून बसल्या होत्या. मी त्यांच्या समोर बसलो.

"बाई, सकाळच्या एका रिमांडमध्ये आरोपी 'आहे' म्हणाला. कागदावर 'नाही' गेलंय."

"साहेबांनी ऐकलं?"

"नाही बहुतेक."

"मग कोण म्हणतं तो असं म्हणाला?"

"मी म्हणतोय ना."

"तुम्ही कोण?" बाई चिडल्या नव्हत्या, समजावत होत्या. "रोजनामा साहेबांचा असतो. दुरुस्ती करायची तर साहेबांकडे जायला लागेल. ते विचारणार, मी सही केली तेव्हा कागदावर 'नाही' कसं? मग काय सांगणार? आरोपीला विचारायच्या आधीच उत्तर छापून ठेवतो म्हणून?"

बाईंनी त्यांच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं माझ्या झाकणात वाढलं. "जेवा आता. असं किती मनाला लावून घेणार?"

मी जेवलो. नोकरी जाईल अशी भीती मला नव्हती. एवढ्यावरून कोणाची नोकरी जात नाही. मला माझ्या फॉर्मची काळजी वाटली. साहेब तो बंद करायला लावतील, चार कोर्टांत हसं होईल, हे माझ्या डोक्यात होतं. त्या माणसाला परत त्याच गाडीत नेलं होतं, ते नव्हतं.

चार दिवसांनी त्याला जामीन मिळाला. मग तो डॉक्टरकडे गेला. डाव्या कानाचा पडदा फाटलेला निघाला. कानाखाली मारलं की असं होतं, रक्त येत नाही, वळ उठत नाही. त्या दिवशी कोर्टातून डॉक्टरकडे गेला असता तर ते त्याच दिवशीच्या तारखेने कागदावर आलं असतं. आता चार दिवस मध्ये पडले होते. तरी त्याने हिंमत केली आणि पोलिसांवर खाजगी फिर्याद केली. ती दुसऱ्या साहेबांपुढे चालली. पोलिसांच्या वकिलाने जास्त काही केलं नाही, फक्त रोजनामा दाखवला. फिर्याद फेटाळली गेली. निकालात लिहिलं होतं की प्रथम हजर केले त्या वेळी आपली तक्रार नसल्याचे आरोपीने स्पष्टपणे सांगितले आहे. स्पष्टपणे!

तोवर माझं टेबल बदललं होतं, मला नक्कल विभागात टाकलं होतं. कोर्टाचे कागद हवे असतील तर तिथे अर्ज करायचा, आम्ही प्रत काढून 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही करून देतो. एक दिवस काशिनाथचा अर्ज आला. त्याला तो रोजनामा हवा होता. मी माझाच फॉर्म कपाटातून काढला, त्याची प्रत काढली, खरी नक्कल असा शिक्का मारला आणि खाली माझी सही केली. खिडकीवर तो स्वतः आला. मला त्याने ओळखलं नाही. कागद तिथेच उभा राहून वाचला, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"साहेब, ही वल कोनी लिवली?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "कोर्टाने."

त्याच्या मागे रांग होती. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तो गेला.

त्यानंतरही मी सात-आठ वर्षं नोकरी केली. दर सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिन असतो, त्या दिवशी कोर्टाच्या आवारात सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका वाचायची असते. माझा आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, म्हणून मी पुढे वाचायचो आणि बाकीचे मागून म्हणायचे. निरोप समारंभातही कोणीतरी माझ्या आवाजाची आठवण काढली. माझा आवाज चांगला आहे हे मलाही ठाऊक होतं. तो कधी वापरला नाही ते फक्त मला ठाऊक होतं.

मुलाने बाळकुमला फ्लॅट घेतला, चौदाव्या मजल्यावर. आम्ही दर रविवारी डोंबिवलीहून तिथे जातो. गॅलरीतून एका बाजूला खाडी दिसते आणि खाली टॉवरांच्या मध्ये एक जुनं गाव दिसतं, पत्र्याची आणि स्लॅबची घरं, मध्ये देवळाचा कळस. नकलेच्या अर्जावर काशिनाथचा पत्ता होता, तो माझ्या डोक्यातून गेला नव्हता. तेच हे गाव. दोन वर्षं मी दर रविवारी चहाचा कप घेऊन त्या गॅलरीत उभा राहिलो. लिफ्टने खाली जाऊन पाच मिनिटं चालायचं होतं.

शेवटी यंदा उन्हाळ्यात गेलो. सोबत एक मसुदा टाइप करून नेला होता, माझ्या प्रतिज्ञापत्राचा. त्या दिवशी आरोपी तक्रार आहे असं म्हणाला, ते मी ऐकलं, आणि कागद आधीच छापलेला होता, असं सगळं त्यात होतं. गावात विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर एक माणूस बसला होता, केस पिकलेले. मी एकटाच पिकलो नव्हतो, तोही पिकला होता.

"कोन पायजे?"

"काशिनाथ..."

"मीच. इकरं बसा, उजवीकरं. डाव्या कानान आयकू येत नाय."

मी उजवीकडे बसलो. बोलता बोलता कळलं, तो पूर्वी हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवायचा, कान गेल्यावर सोडलं. जमिनीची मोजणी तो कोठडीत असतानाच उरकली होती. मी सांगितलं की मी कोर्टात होतो, त्या दिवशी साहेबांच्या खाली मीच बसलो होतो. मसुदा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"आता कनाला पायजे? वकिलानी कवाच सांगलं, मुदत गेली. ठेवा तुमच्याजवल."

मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. वाटलं, चला, आपण आपलं काम केलं, आता उठू. मी उठणारच होतो.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी जवल व्हतात. मी बोललेलो का?"

मला कळेना तो काय विचारतोय. "काय बोललेलात?"

"साहेबानी इचारलं तवा. मी 'हाय' बोललेलो का?"

"हो. बोललात."

"नक्की?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं. 'हाय साहेब' म्हणालात."

तो हळूहळू बोलायला लागला, माझ्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त. त्या सकाळी त्याच्या कानात नुसता घणघणाट चालू होता, पिठाच्या गिरणीसारखा. स्वतःचा आवाजसुद्धा त्याला ऐकू आला नव्हता. "मना वाटलं मी बोललो. मंग कागद बघला, त्याच्यावर 'नाही' लिवलेला. वकील बोलला, कोर्ट खोटा लिवत नाय. ही दारान उभी व्हती, ही पन बोलली, मना तं काय आयकू आला नाय. मंग मीच बोललो, भ्यालो असंन मी. तोंडातून निंगालाच नसंन."

अकरा वर्षं हा माणूस असं समजून जगला होता. ज्याने गावासाठी मोजणीवाल्यांच्या आडवं उभं राहून कागद मागितले, त्याला वाटत होतं की साहेबाने विचारल्यावर आपली बोबडी वळली. गावालाही तेच वाटत होतं. लग्नात, हळदीत लोक चेष्टा करायचे. गावच्या मिटिंगला त्याला कोणी पुढे करत नव्हतं, आणि केलं असतं तरी तो उठला नसता. मी समजत होतो, माझ्या एका ओळीने त्याची केस गेली. केस सोडा. त्याची स्वतःच्या तोंडावरची खात्री गेली होती.

"मंजे," त्याने आत हाक मारली. "मंजे, भायेर ये."

त्याची बायको मंजुळा बाहेर आली. हाताला भाकरीचं पीठ लागलेलं.

"सांगा," तो मला म्हणाला. "हिला सांगा."

मी सांगितलं. पुन्हा सगळं, पहिल्यापासून. ती उभ्याउभ्याच ऐकत होती.

"मंग तुमी कनाला गप बसलाव?" तिने विचारलं.

"कागद आधीच छापलेला होता."

"इचारायच्या आधी?"

"हो."

मला वाटलं ती आता शिव्या देईल. मी त्याच तयारीने बसलो होतो, मला त्या हव्याच होत्या. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, चौकशीच्या खिडकीवर चुकीच्या माणसाशी बोलत होतो असं कळल्यावर आपण बघतो तशी. मग तिने मला सोडून दिलं. ती नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन ओट्यावर बसली. अकरा वर्षं तिने त्याला ऐकवलं होतं, येवढा एक शब्द बोलायला काय झालेला तुला? आता तिने त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं.

"तू बोललेलास," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. मी चपला घालत होतो. मला कोणी थांब म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही.

"परत बोल," तो तिला म्हणाला.

ती परत बोलली. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो तिला तेच बोलायला लावत होता.